मोबाइल कार्यप्रणालीतील थ्रेड आणि सेन्सर-माहितीचा सामायिक वापर

प्रस्तावना

लंबकाचा प्रयोग भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा असतो. दोरा, धातूचा गोळा, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच एवढ्या साहित्यावर गुरुत्वत्वरणाचे मूल्य काढण्याची रीत अनेक दशके चालत आली आहे. अलीकडे या साहित्यात मोबाइल फोनची भर पडली आहे. जर्मनीतील आखेन येथील आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने २०१६ मध्ये फायफॉक्स हे ॲप उपलब्ध करून दिले आणि फोनमधील सेन्सरांच्या साहाय्याने प्रयोग करण्याची सोय सर्वसामान्य महाविद्यालयांनाही झाली. क्रीडाशास्त्रात धावपटूच्या हालचाली टिपणे, भूगोलात दिशा व उंचीची नोंद घेणे, मानसशास्त्रात झोपेतील हालचालींचा अभ्यास करणे अशा विविध विषयांत फोनच्या सेन्सरांचा उपयोग होऊ लागला आहे. संगणकशास्त्राचे विद्यार्थी तर प्रकल्पाचा भाग म्हणून अशी ॲप स्वतः तयार करतात.

फोनच्या पडद्यावर किंवा नोंदीच्या फाइलमध्ये दिसणारा आकडा म्हणजे सेन्सरने मोजलेलाच आकडा होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः सेन्सरपासून फाइलपर्यंत पोहोचताना हा आकडा अनेक थ्रेडच्या हातांतून जातो. या हस्तांतरात शिस्त नसेल तर सेन्सर निर्दोष असूनही नोंद सदोष होऊ शकते. प्रत्यक्षात कधीच न घडलेली हालचाल नोंदीत दिसू शकते, अथवा घडलेली हालचाल नोंदीतून नाहीशी होऊ शकते. कार्यप्रणाली अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम या माहितीचे रक्षण कोठपर्यंत करते आणि कोठून पुढे ती जबाबदारी ॲप लिहिणाऱ्यावर येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचनासाठी प्रामुख्याने अँड्रॉइड ही प्रणाली घेतली असून तुलनेसाठी आयओएसचा विचार केला आहे.

१. थ्रेड आणि सामायिक स्मृती

मोबाइल कार्यप्रणालीत प्रत्येक ॲप साधारणतः स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालते. प्रत्येक प्रोसेसची स्मृती, म्हणजे मेमरी, वेगळी असते आणि एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या स्मृतीत थेट डोकावता येत नाही. एकाच प्रोसेसच्या अंतर्गत मात्र अनेक थ्रेड चालू शकतात. थ्रेड म्हणजे कामाचा एक स्वतंत्र ओघ. एका थ्रेडने पडदा रंगवावा, दुसऱ्याने सेन्सरचे आकडे गोळा करावेत, तिसऱ्याने ते फाइलमध्ये लिहावेत, अशी कामाची वाटणी केली जाते. या सर्व थ्रेडची स्मृती एकच असते. थ्रेडची सोय याच गुणात आहे आणि धोकाही याच गुणात आहे.

महाविद्यालयाच्या कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. एक लिपिक नोंदवहीत पत्राचा क्रमांक, दिनांक व विषय लिहीत आहे. त्याने क्रमांक लिहिला आणि तेवढ्यात त्याला कोणी हाक मारली. त्याच क्षणी दुसरा लिपिक येऊन शेवटची ओळ उतरवून घेऊन गेला. पहिल्याने नवी ओळ सुरू करण्याऐवजी जुन्याच ओळीतील मजकूर खोडून नवा लिहिण्याची पद्धत असेल, तर दुसऱ्याच्या हाती नव्या पत्राचा क्रमांक आणि जुन्या पत्राचा विषय पडेल. दोघांपैकी कोणीही चुकीचे लिहिलेले नाही. तरीही उतरवलेली नोंद कोणत्याच पत्राची नाही. थ्रेडच्या बाबतीत उद्भवणाऱ्या या स्थितीला रेस कंडिशन म्हणतात. निष्पत्ती कोणता थ्रेड कोणत्या क्षणी चालला यावर अवलंबून राहते आणि तो क्षण ॲप लिहिणाऱ्याच्या हाती नसतो.

अनेक थ्रेड वापरण्यामागे मोबाइल प्रणालीत एक व्यावहारिक कारण आहे. अँड्रॉइडमध्ये पडद्याचे सर्व काम मुख्य थ्रेडवर चालते. वापरकर्त्याच्या स्पर्शाला ॲपने ५ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना प्रणाली दाखवते. त्यामुळे गणन, गाळणी, फाइललेखन अशी वेळखाऊ कामे दुसऱ्या थ्रेडकडे सोपवावी लागतात. ही सोपवणूक होताच सेन्सरची माहिती सामायिक होते.

२. सेन्सरपासून ॲपपर्यंतचा मार्ग

अँड्रॉइडमध्ये ॲक्सेलरोमीटर, जायरोस्कोप, चुंबकत्वमापक इत्यादी सेन्सरांवर कोणत्याही एका ॲपची मालकी नसते. सेन्सरचे यंत्र, त्याला जोडलेला हार्डवेअर स्तर आणि त्यावरील सेन्सरसर्व्हिस ही प्रणालीची सेवा अशी रचना असते. सेन्सरसर्व्हिसचा थ्रेड हार्डवेअर स्तराकडून नोंदी घेतो आणि ज्या ज्या ॲपने मागणी नोंदवली असेल त्या प्रत्येकाला त्या नोंदींची स्वतंत्र प्रत सॉकेटद्वारे पाठवतो. २०१९ मधील अँड्रॉइड १० पासून हार्डवेअर स्तर व ही सेवा यांच्यातील देवाणघेवाणीसाठी फास्ट मेसेज क्यू या सामायिक स्मृतीतील रांगेची सोय झाली.

एकाच सेन्सरकडे दोन ॲपनी वेगवेगळ्या गतीने नोंदी मागितल्या तर सेन्सर त्यांतील अधिक गतीने चालतो. त्यामुळे ॲपने सांगितलेला कालावधी ही केवळ सूचना ठरते. सामान्य वापरासाठीचा कालावधी २,००,००० मायक्रोसेकंद, म्हणजे ०.२ सेकंद, आणि खेळांसाठीचा २०,००० मायक्रोसेकंद असा ठरलेला आहे. परंतु प्रत्यक्ष नोंदी याहून लवकर येऊ शकतात. दुसऱ्या एखाद्या ॲपच्या मागणीमुळे आपल्या प्रयोगाची गती बदलू शकते, ही गोष्ट प्रयोग करणाऱ्याने ध्यानात ठेवावयास हवी.

या मार्गावर एका ॲपची माहिती दुसऱ्या ॲपच्या चुकीने बिघडू शकत नाही, कारण प्रत्येकास स्वतःची प्रत मिळते. ॲपच्या दारापर्यंतची ही जबाबदारी कार्यप्रणाली पार पाडते. दार ओलांडल्यावर नोंद ॲपच्या स्मृतीत येते. तेथे सर्व थ्रेडना सर्वत्र मुक्त संचार असतो आणि कार्यप्रणालीची ही हमी संपते.

३. अर्धवट लिहिलेली नोंद

ॲक्सेलरोमीटरची एक नोंद तीन आकड्यांची असते: क्ष, य आणि झ या तीन अक्षांवरील त्वरण. टेबलावर सपाट ठेवलेल्या फोनची नोंद सुमारे (०, ०, ९.८) मीटर प्रति वर्ग सेकंद अशी येते. तोच फोन लांब कडेवर उभा केला तर ती सुमारे (९.८, ०, ०) अशी होते. दोन्ही स्थितींत तिन्ही आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे एकूण त्वरण, ९.८ च राहते.

आता ॲपच्या एका थ्रेडने हे तीन आकडे एका सामायिक ॲरेमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या थ्रेडने ते वाचावेत, अशी रचना असल्याचे समजू. नोंदी ०.२ सेकंदांच्या अंतराने येत आहेत आणि तेवढ्या वेळात कडेवरचा फोन झटकन सपाट ठेवला गेला. लिहिणाऱ्या थ्रेडने क्ष अक्षाच्या जागी ९.८ ऐवजी ० लिहिले. झ अक्षाचा आकडा लिहिण्यापूर्वीच वाचणाऱ्या थ्रेडने ॲरे वाचला. त्याच्या हाती (०, ०, ०) ही नोंद पडली. एकूण त्वरण शून्य असणे हे मुक्त पतनाचे लक्षण आहे. टेबलावर हळुवार ठेवलेला फोन उंचावरून पडत आहे, असा त्या थ्रेडचा समज होईल. उलट, सपाट फोन कडेवर उभा करताना अशीच अर्धवट नोंद वाचली गेली तर (९.८, ०, ९.८) हे आकडे मिळतील आणि एकूण त्वरण सुमारे १३.९ येईल, म्हणजे फोनला जोराचा धक्का बसल्याचे दिसेल.

वृद्ध व्यक्तीचे पडणे ओळखून नातेवाइकांना सूचना देणारे ॲप अशा मुक्त पतनाच्या व धक्क्याच्या खुणांवरच चालते, हे लक्षात घेता या दोषाचे गांभीर्य स्पष्ट होते. खोट्या सूचना वारंवार येऊ लागल्या की घरचे लोक ती सूचना बंद करून ठेवतात आणि खऱ्या प्रसंगी ॲप निरुपयोगी ठरते.

दोष केवळ तीन आकड्यांच्या समूहापुरता मर्यादित नाही. अँड्रॉइडमधील प्रत्येक नोंदीसोबत नॅनोसेकंदांत मोजलेली वेळ ६४ बिटांच्या संख्येत येते. जावा भाषेच्या नियमांनुसार साध्या ६४ बिटांच्या संख्येचे लेखन ३२ बिटांच्या दोन भागांत होण्यास मुभा आहे. खालचा भाग सुमारे दर ४.२९ सेकंदांनी पुन्हा शून्यापासून सुरू होतो. नेमक्या त्या क्षणी एक भाग जुना व दुसरा नवा असा वाचला गेला, तर वेळेत ४ सेकंदांहून अधिक फरक पडतो. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर हे लेखन बहुधा एकाच टप्प्यात होते. तथापि भाषेने दिलेली हमी आणि एखाद्या यंत्राचे वर्तन यांत फरक आहे.

आणखी एक अडचण दृश्यतेची आहे. आधुनिक प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात. एका कोअरवरील थ्रेडने लिहिलेले मूल्य दुसऱ्या कोअरवरील थ्रेडला केव्हा आणि कोणत्या क्रमाने दिसेल, हे भाषेच्या स्मृतिविषयक नियमांनी ठरते. जावाचे हे नियम २००४ मध्ये जावा ५ सोबत सुधारून निश्चित करण्यात आले. त्यांनुसार व्होलाटाइल म्हणून घोषित केलेल्या चलातील लेखन इतर थ्रेडना दिसण्याची हमी मिळते. मात्र ॲरेचा निर्देश व्होलाटाइल केल्याने ॲरेतील घटक व्होलाटाइल होत नाहीत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही चूक सहज होऊ शकते.

४. उसनी मिळालेली नोंद

अँड्रॉइडमध्ये नवी नोंद आली की ॲपच्या ऑनसेन्सरचेंज्ड या पद्धतीला बोलावले जाते आणि सेन्सरइव्हेंट नावाची वस्तू तिच्या हाती दिली जाते. ही वस्तू ॲपच्या मालकीची नाही, ती स्वतःजवळ ठेवून घेऊ नये आणि प्रणाली तीच वस्तू पुन्हा वापरू शकते, असे अँड्रॉइडच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट नमूद आहे. दर सेकंदाला शेकडो नव्या वस्तू निर्माण करून टाकून देणे स्मृतीच्या व बॅटरीच्या दृष्टीने महागात पडते. म्हणून ही काटकसर केलेली आहे.

या नियमाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते? समजा, एका ॲपने आलेली प्रत्येक नोंद जशीच्या तशी यादीत ठेवली आणि १० सेकंदांनंतर ती यादी दुसऱ्या थ्रेडला लिहिण्यासाठी दिली. सेकंदाला ५० या गतीने यादीत ५०० ओळी जमतील. परंतु त्या ५०० ओळी एकाच वस्तूकडे बोट दाखवीत असतील, तर फाइलमध्ये शेवटची एकच नोंद ५०० वेळा लिहिली जाईल. झुलणाऱ्या लंबकाचा आलेख सरळ रेषेत येईल. ॲप बंद पडत नाही, चुकीची सूचना येत नाही, फाइलचा आकारही अपेक्षेप्रमाणेच असतो. म्हणून हा दोष शोधणे कठीण जाते.

उपाय सोपा आहे. पद्धतीच्या आतच तिन्ही आकडे व वेळ यांची प्रत काढावी आणि ती प्रतच दुसऱ्या थ्रेडकडे पाठवावी. उसने घेतलेले भांडे परत करताना त्यातील जिन्नस आपल्या भांड्यात काढून घ्यावा, तसाच हा व्यवहार आहे.

५. कुलूप आणि त्याची किंमत

सामायिक माहितीच्या रक्षणाचा रूढ उपाय म्हणजे लॉक, अर्थात कुलूप. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात सेमाफोरची संकल्पना मांडली. कूर्त्वा, हेमन्स आणि पार्नस यांनी १९७१ मध्ये वाचक आणि लेखक यांचा प्रश्न मांडला. अनेक वाचकांनी एकाच वेळी वाचण्यास हरकत नसते. लेखक लिहीत असताना मात्र अन्य कोणीही आत असता कामा नये. सेन्सरच्या माहितीचे स्वरूप याच प्रश्नासारखे आहे: लेखक बहुधा एक आणि वाचक अनेक. जावामधील सिंक्रोनाइज्ड या शब्दाने लेखन व वाचन दोन्ही बंदिस्त केले तर तिसऱ्या भागात वर्णिलेली अर्धवट नोंद कोणाच्याही हाती पडत नाही. वाचणाऱ्या थ्रेडनेही तेच कुलूप वापरणे मात्र आवश्यक आहे. केवळ लेखकाने दार लावले आणि वाचक खिडकीतून आत आला, तर कुलपाचा उपयोग होत नाही.

कुलपाची किंमत वेळेच्या रूपाने द्यावी लागते. फाइल लिहिणाऱ्या थ्रेडने कुलूप धरून ठेवले असता सेन्सरच्या नोंदी घेणारा थ्रेड दाराशी थांबून राहतो. तेवढ्या वेळात येणाऱ्या नोंदी रांगेत साचतात आणि रांग भरल्यास त्यांतील काही गळतात. दोन कुलपे दोन थ्रेडनी उलट क्रमाने घेतली तर दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात. यास डेडलॉक म्हणतात.

प्राधान्यक्रम बिघडण्याचा तिसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. त्याचे प्रसिद्ध उदाहरण मोबाइल क्षेत्राबाहेरचे असले तरी ते सेन्सरच्या माहितीचेच आहे. ४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले. हवामानविषयक माहिती गोळा करण्याचे काम सुरू झाल्यानंतर यानावरील संगणक मधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कारण असे आढळले की, हवामानाची माहिती देणारे कमी प्राधान्याचे काम एका सामायिक संसाधनाचे कुलूप घेत असे. त्याच वेळी मध्यम प्राधान्याचे काम मध्ये घुसून त्याला थांबवून ठेवी. परिणामी त्याच कुलपाची वाट पाहणारे सर्वोच्च प्राधान्याचे काम वेळेत पूर्ण होत नसे आणि पहारा देणारी यंत्रणा संगणक पुन्हा सुरू करीत असे. कुलूप धरणाऱ्या कामाला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते बहाल करण्याची सोय यानावरील व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीत उपलब्ध होती. पृथ्वीवरून सूचना पाठवून ती सुरू करण्यात आली आणि प्रश्न सुटला. कुलूप योग्य जागी असूनही ते कोणी, किती वेळ धरले याचा विचार न झाल्यास काय घडते, हे यावरून दिसते.

मोबाइल ॲपसाठी यातून मिळणारा नियम असा: कुलूप केवळ प्रत काढण्यापुरते घ्यावे. गणन, फाइललेखन व जालावरील पाठवणी ही कामे कुलूप सोडल्यानंतर करावीत.

६. कुलपाविना सामायिक वापर

कुलूप टाळूनही माहिती सुरक्षितपणे वाटून घेण्याच्या काही रीती आहेत. पहिली रीत न बदलणाऱ्या नोंदीची. लेखकाने तीन आकडे व वेळ असलेली नवी वस्तू तयार करावी, ती पूर्ण झाल्यावरच व्होलाटाइल निर्देश तिच्याकडे वळवावा आणि त्यानंतर तिच्यात कोणताही बदल करू नये. वाचकाला एक तर संपूर्ण जुनी नोंद मिळते किंवा संपूर्ण नवी. ज्या ॲपला केवळ सर्वांत ताजी स्थिती हवी असते, उदाहरणार्थ होकायंत्र, त्यास ही रीत पुरेशी आहे.

दुसरी रीत रांगेची. प्रत्येक नोंद महत्त्वाची असलेल्या प्रयोगात ताजी स्थिती पुरत नाही. एकही नोंद गळून चालत नाही. अशा वेळी एक लेखक व एक वाचक यांच्यात वर्तुळाकार बफर ठेवला जातो. लेखक फक्त शेपटाचा निर्देशांक पुढे सरकवतो आणि वाचक फक्त डोक्याचा. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या निर्देशांकात लिहीत नसल्याने कुलपाची गरज उरत नाही. मात्र निर्देशांक व्होलाटाइल अथवा अविभाज्य प्रकारचे असावे लागतात. अँड्रॉइडमध्ये हँडलरथ्रेड नावाची तयार सोय आहे. सेन्सरची नोंदणी करताना या थ्रेडचा हँडलर दिला तर नोंदी मुख्य थ्रेडऐवजी थेट त्या थ्रेडवर येतात. नोंद घेणे, गाळणे व लिहिणे ही सर्व कामे एकाच थ्रेडवर ठेवली तर माहिती सामायिकच होत नाही. लहान ॲपसाठी हा मार्ग अनेकदा सर्वांत सुरक्षित ठरतो.

तिसरी रीत क्रमांकाची. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७७ मध्ये लेखन चालू असतानाही वाचन करू देणारी पद्धत मांडली. तिचे सार असे की, लेखनापूर्वी व लेखनानंतर एकेक आवृत्तिक्रमांक बदलला जातो. वाचकाला दोन्ही क्रमांक सारखे आढळले तरच त्याने वाचलेली नोंद ग्राह्य धरावी, अन्यथा पुन्हा वाचावे. येथे लेखकास कधीही थांबावे लागत नाही. २०१७ मधील अँड्रॉइड ८ पासून सेन्सरडायरेक्टचॅनेल ही सोय मिळाली. तीत सेन्सरच्या नोंदी सामायिक स्मृतीत थेट लिहिल्या जातात. प्रत्येक नोंद १०४ बाइटांची असून तिच्यात वाढत जाणारा क्रमांक असतो. तो पाहून नवी नोंद आली किंवा कसे, तसेच मधली नोंद निसटली किंवा कसे, हे वाचक ठरवू शकतो.

७. वेळेच्या नोंदीचे महत्त्व

थ्रेडमधील हस्तांतर बिनचूक झाले तरी नोंद केव्हाची आहे हा प्रश्न उरतो. बॅटरी वाचवण्यासाठी २०१३ मधील अँड्रॉइड ४.४ पासून नोंदी हार्डवेअरमध्येच साचवून एकत्रितपणे पाठवण्याची सोय आहे. सेकंदाला ५० या गतीने १० सेकंदांच्या ५०० नोंदी एकाच वेळी ॲपच्या हाती येऊ शकतात. अशा वेळी नोंद हाती आली तो क्षण हाच मोजमापाचा क्षण मानणारे ॲप साफ चुकते. नोंदीसोबत आलेली वेळ हीच मोजमापाची वेळ समजावी.

लंबकाच्या प्रयोगात याचा परिणाम आकड्यांत दाखवता येतो. सेन्सरची नाममात्र गती ५० हर्ट्झ आहे, म्हणून विद्यार्थ्याने दोन नोंदींतील अंतर २० मिलिसेकंद धरले. प्रत्यक्ष गती ५२.५ हर्ट्झ होती. नोंदी मोजून काढलेला दोलनकाल खऱ्यापेक्षा ५ टक्के अधिक येतो. गुरुत्वत्वरण दोलनकालाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ९.८ ऐवजी सुमारे ८.९ हे उत्तर मिळते. विद्यार्थी दोऱ्याची लांबी पुन्हा मोजतो, गणित पुन्हा तपासतो. परंतु चूक त्या दोहोंत नसते.

दोन सेन्सरांची माहिती एकत्र करताना वेळेची नोंद अधिकच आवश्यक ठरते. फोन सेकंदाला १८० अंश या वेगाने फिरत असताना जायरोस्कोपची आत्ताची आणि ॲक्सेलरोमीटरची ६० मिलिसेकंदांपूर्वीची नोंद जोडली गेली, तर दिशेत १०.८ अंशांची तफावत पडते. म्हणून आकडे आणि वेळ ही जोडी कधीही फोडू नये. एकाच नोंदीत, एकाच प्रतीत ती पुढे जावी.

मिळणाऱ्या गतीवर कार्यप्रणालीची बंधनेही आहेत. २०१८ मधील अँड्रॉइड ९ पासून पार्श्वभूमीवर गेलेल्या ॲपला सतत नोंद देणाऱ्या सेन्सरांची माहिती मिळत नाही. २०२१ मधील अँड्रॉइड १२ साठी तयार केलेल्या ॲपला स्वतंत्र परवानगी घोषित केल्याविना हालचालीच्या सेन्सरांच्या नोंदी २०० हर्ट्झहून अधिक गतीने घेता येत नाहीत. पडदा बदलल्यानंतर नोंदीत पडलेला खंड थ्रेडच्या चुकीमुळे आहे की या बंधनामुळे, हे ओळखता आले पाहिजे.

८. आयओएसमधील रचना

आयओएसमध्ये २०१० मधील आयओएस ४ सोबत कोअर मोशन ही व्यवस्था आली. तीत सीएममोशनमॅनेजर या वस्तूमार्फत नोंदी मिळतात. ॲपने या वस्तूची एकच प्रत निर्माण करावी, कारण अनेक प्रती निर्माण केल्यास नोंदींच्या गतीवर परिणाम होऊ शकतो, असे ॲपलच्या दस्तऐवजात म्हटले आहे. नोंदी दोन प्रकारे घेता येतात: ॲपने हवी तेव्हा ताजी नोंद मागून घ्यावी, किंवा एक ऑपरेशन क्यू देऊन त्यावर प्रत्येक नोंद स्वीकारावी. पहिला प्रकार सहाव्या भागातील ताज्या स्थितीच्या रीतीशी आणि दुसरा रांगेच्या रीतीशी जुळतो. नोंदी वेगाने येत असल्याने मुख्य रांग यासाठी वापरू नये, अशीही सूचना आहे. ऑपरेशन क्यूवर एका वेळी एकच काम चालेल असे बंधन घातले तर कुलपाविना परस्परवर्जन साधते. दोन्ही प्रणालींची नावे वेगळी असली तरी लेखकाची जागा एक ठेवणे आणि वाचकांना प्रती देणे हे तत्त्व समान आहे.

९. अध्यापनाच्या दृष्टीने

ऑपरेटिंग सिस्टीम या विषयात वाचक-लेखक प्रश्न बहुधा फळ्यावरच शिकवला जातो. पुढील छोटा प्रयोग विद्यार्थ्यांना तो प्रत्यक्ष दाखवू शकतो. एका थ्रेडने सामायिक ॲरेमध्ये (०, ०, ९.८) आणि (९.८, ०, ०) ही मूल्ये आळीपाळीने लक्षावधी वेळा लिहावीत. दुसऱ्याने ती वाचून एकूण त्वरण ९.८ पेक्षा वेगळे किती वेळा आले हे मोजावे. प्रथम कुलपाविना, नंतर कुलपासह आणि शेवटी न बदलणाऱ्या नोंदीच्या रीतीने तीच मोजणी करावी. यासाठी सेन्सरचीही गरज नाही. प्रयोगशाळेतील साधा संगणक पुरतो. पहिल्या प्रकारातही एखाद्या वेळी शून्य चुका आढळतील. चूक न दिसणे म्हणजे चूक नसणे नव्हे, हा धडा त्या शून्यातूनच देता येतो.

अन्य विषयांच्या अध्यापकांनी फोनवरून घेतलेल्या नोंदींवर विसंबण्यापूर्वी तीन तपासण्या कराव्यात. स्थिर ठेवलेल्या फोनचे एकूण त्वरण प्रत्येक ओळीत ९.८ च्या जवळपास आहे का, हे पाहावे. हलत्या फोनच्या लागोपाठच्या ओळी तंतोतंत सारख्या नाहीत ना, याची खात्री करावी. दोन ओळींमधील वेळेचे अंतर सर्वत्र जवळपास समान आहे का, की मध्येच ते दुप्पट-तिप्पट होते, हेही पाहावे. या तपासण्यांसाठी संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही. साधी स्प्रेडशीट पुरेशी आहे.

समारोप

मोबाइल कार्यप्रणाली सेन्सरची माहिती अनेक ॲपना स्वतंत्र प्रती देऊन सुरक्षितपणे वाटते. ॲपच्या आत मात्र सर्व थ्रेड एकाच स्मृतीत वावरतात आणि तेथील व्यवस्था लावणे हे ॲप लिहिणाऱ्याचे काम आहे. नोंद पूर्ण असावी, ती आपल्या मालकीची प्रत असावी आणि तिच्यासोबत तिची वेळ असावी, या तीन अटी पाळल्या गेल्या तर कुलूप, रांग अथवा क्रमांक यांपैकी कोणतीही रीत स्वीकारता येते. यांपैकी एक अट जरी मोडली तरी सदोष आकडा निर्दोष आकड्याच्याच रूपात समोर येतो. त्याच्या अंगावर दोषाची कोणतीही खूण नसते. प्रयोगवहीत उतरवलेला आकडा जेथून आला त्या मार्गाची विचारपूस करण्याची सवय विद्यार्थ्याला लागणे म्हणूनच आवश्यक आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शून्यांकन-दोष तपासल्याशिवाय व्हर्निअर कॅलिपर हाती घेतला जात नाही. फोन हे मोजमापाचे साधन म्हणून स्वीकारताना त्यातील थ्रेडच्या व्यवहाराकडेही त्याच दृष्टीने पाहिले जावे.